पेन टॅबलेट, आठ महिन्यांनंतर: तिरकी रेषा थरथरते

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे पेनचा दाब ओळखायच्या 8192 प्रेशर लेव्हल वगैरे परत लिहीत नाही. संगणकाला जोडून पेनने चित्र काढायचा हा टॅबलेट आठ महिने रोज रात्री दोन-अडीच तास वापरून माझी तक्रार एकच उरली आहे. सावकाश ओढलेली तिरकी रेषा थरथरते. आडवी सुतासारखी येते, उभीही येते. पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेलं की रेषेला बारीक लाटा पडतात.

पोर्ट्रेट किंवा कार्टून काढणाऱ्यांना हे जाणवणारही नाही. माझं मात्र सगळं कामच तिरकं आहे. मी एकटी एक छोटा टूडी गेम बनवतेय, 1920 सालच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ या जर्मन मूकपटाच्या धर्तीवर. त्यातल्या गावात काटकोन शोधून सापडत नाही. खिडक्या पाचरीसारख्या, धुराडी कलंडलेली, कारकून भल्यामोठ्या उंच स्टुलावर वाकून बसलेला. हर्मन वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर रोरिग या तिघांनी हे गाव रंगवून उभं केलं. जमिनीवरच्या, भिंतींवरच्या सावल्यासुद्धा ब्रशने काढल्या. आपल्या संगीत नाटकांतही रंगवलेले पडदे होते, पण तिथे राजवाडा खरा वाटावा ही धडपड असायची. इथे गावाचा खोटेपणाच अंगावर यायला हवा.

गेम गोडॉट या गेम इंजिनमध्ये आहे. पहिला महिना मी इंजिनातलेच लाइट लावले आणि सगळं दिग्दर्शक मुर्नाऊच्या 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाकडे झुकायला लागलं. तिथली जिन्यावरून चढणारी सावली खऱ्या प्रकाशाची आहे. सुंदर आहे, पण मला ती नको होती. म्हणून सगळे लाइट काढले, फक्त नायिकेच्या हातातला कंदील ठेवला. कंदील हलला की खरी सावली सरकते, रंगवलेली जागची हलत नाही. जी हलत नाही, तिच्यात दार लपलेलं. सगळा खेळ एवढ्यावर उभा आहे.

आता रेषेचं महत्त्व लक्षात येईल. भाचीला पहिली गल्ली खेळायला दिली. तिने कंदील उचललाच नाही. तरातरा गेली आणि दार उघडलं. म्हणाली, “मावशी, जिची कड वाकडीतिकडी ती रंगवलेली. इंजिनची एकदम धारदार आहे ना!” दोन महिन्यांचं कोडं दहा सेकंदांत फुटलं.

पाचव्या महिन्यात टॅबलेट वॉरंटीत पाठवला. कुरिअरचे 340 रुपये माझ्या खिशातून. एकोणीस दिवसांनी परत आला, सोबत ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी आणि त्यांचा टेस्टचा कागद. त्यावर भराभर गिरवलेले गोल आणि एक सही. तिरकी रेषा एकही नाही! फूटपट्टी लावून सावकाश रेषा ओढतानाचा व्हिडिओ पाठवला, तर फोनवर उत्तर, “मॅडम, सगळ्याच टॅबलेटमध्ये असं असतं.” असतं, तर बॉक्सवर छापा. कष्टाचे पैसे मोजून घेतलाय.

त्या दिवशी मी इथे एकच स्टार दिला होता. आज तीन करतेय, कारण थरथर का येते ते समजलं. पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि पेन कुठे आहे ते तिच्यावरून मोजलं जातं. तिरक्या रेषेला एकामागून एक तारा ओलांडाव्या लागतात, प्रत्येक वेळी मोजमाप किंचित इकडे-तिकडे होतं, त्याच्या लाटा दिसतात. हात वेगात फिरवला तर त्या झाकल्या जातात. टेस्टचे गोल म्हणूनच स्वच्छ आले.

मग क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हासच फिरवला. 4 आणि 6 ही बटणं, एका दाबात पंधरा अंश. तीनदा दाबलं की माझी तिरकी रेषा टॅबलेटवर आडवी होते आणि सुतासारखी येते. रेषा आपोआप गुळगुळीत करणारा स्टॅबिलायझर आधी लावून पाहिला होता, पण त्याने टोकं गोल होतात, आणि या शैलीत टोक बोथट झालं की भिंतीतली भीतीच जाते. ‘हाताचं काम आहे, थरथर राहू दे’ असंही मध्यंतरी मनाला समजावलं होतं. कॅलिगरीची फ्रेम थांबवून पाहिली आणि तो विचार सोडला. तिथली रेषा कुठे जाड, कुठे बारीक होते, पण तिचा हात ठाम आहे.

पहिली गल्ली नव्याने काढली. या वेळी भाची कंदील घेऊन चार मिनिटं फिरत होती.

पेनबद्दल तक्रार नाही. तिसरी निब, म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक, चालू आहे, बॉक्समधल्या पाच शिल्लक आहेत. घेणार असाल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत फूटपट्टी तिरकी ठेवून एक रेषा अगदी हळू ओढा, आणि मगच बॉक्स फेका.