व्हॅलोरंट: आणखी एक रँक्ड की आपलंच रेकॉर्डिंग?

व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेमच्या सरावाला रोज दीड तासच मिळत असेल, तर तो कशाला द्यायचा?

रँक्ड सामना, म्हणजे ज्यावर आपली रँक (श्रेणी) ठरते तो, एक संघ 13 राउंड जिंकेपर्यंत चालतो. 35-40 मिनिटं सहज जातात. दबावात हात स्थिर ठेवणं तिथेच शिकता येतं. पण लागोपाठ दोन हरलात की डोकं तापतं आणि तीच चूक पुन्हा होते. तिथेच थांबा.

आपल्याच सामन्याचं रेकॉर्डिंग बघायला 20 मिनिटं पुरतात, चिडचिडही कमी. फक्त आपण मेलो ते क्षण बघा, प्रत्येकाआधीचे 10 सेकंद. वहीत एकच कारण लिहा: ‘धावत कोपरा ओलांडला’, ‘क्रॉसहेअर (नेमाची खूण) पायांवर’. बहुतेक जण आपले किल्स बघत बसतात. त्यातून काहीच हाती लागत नाही.

रँक्ड नुकतंच उघडलं असेल तर खेळत राहा, नकाशे अंगवळणी पडायचेत. महिनाभर रँक हललाच नसेल, तर रोज एक सामना आणि त्याचंच रेकॉर्डिंग.