कॅगचे अहवाल आणि लोकलेखा समिती: एका निवृत्त लेखा कर्मचाऱ्याचा अभिप्राय

सरकारने केलेल्या खर्चाचा हिशेब आमदार-खासदार कसा तपासतात, हे घरबसल्या आणि फुकट वाचता येते. आधी कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक यांची यंत्रणा, लेखापरीक्षण करून अहवाल देते, मग संसदेची किंवा विधिमंडळाची लोकलेखा समिती त्यावर विभागाच्या सचिवांची साक्ष घेऊन स्वतःचा अहवाल सभागृहात मांडते. मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरी केली, निवृत्तीनंतर हे दोन्ही नेमाने वाचतो. कॅगच्या अहवालांना पाचपैकी साडेचार तारे. समितीच्या कामाला अडीच, तेही मनात खूप आदर असूनही.

कॅगच्या संकेतस्थळावर राज्य आणि वर्ष निवडले की अहवाल मिळतो, संपूर्ण किंवा प्रकरणनिहाय उतरवून घेता येतो. महाराष्ट्राचे अहवाल मराठीतही निघतात. भाषा जड आहे, वाक्ये लांबलचक आहेत, त्याचा अर्धा तारा मी कापला. पण तक्ते स्वच्छ असतात आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो. त्या क्रमांकाचे मोल पुढे सांगतो.

नमुना म्हणून जलयुक्त शिवार अभियानावरचा अहवाल घ्या. सप्टेंबर 2020 मध्ये तो विधिमंडळात मांडला गेला. 9,633.75 कोटी रुपये खर्च झालेल्या या योजनेसाठी कॅगने 6 जिल्ह्यांतली 120 गावे तपासली आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावरून राजकारण भरपूर झाले. ते बाजूला ठेवून अहवाल वाचा, कारण त्यात परफॉर्मन्स ऑडिट म्हणजे काय ते कळते. पावती आहे का, निविदा काढली का, सही कोणाची, हे प्रश्न असतातच. त्यापलीकडे, ज्यासाठी पैसा दिला ते गावाला मिळाले का, हा प्रश्न तिथे विचारलेला आहे. माझ्या मते लोकांच्या पैशाबद्दल विचारण्यासारखा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच.

या अहवालांवर माझा विश्वास का, तेही सांगतो. एखादा आक्षेप छापला जाण्याआधी संबंधित कार्यालयाला खुलासा करायची संधी अनेकदा मिळते. तपासणी चालू असताना अर्धसमास पत्र, म्हणजे जागच्या जागी उत्तर मागणारी लेखी शंका, येते, नंतर निरीक्षण अहवाल येतो, आणि गंभीर बाब असेल तर मसुदा परिच्छेद, म्हणजे अहवालात छापायच्या आक्षेपाचा मसुदा, थेट सचिवांकडे जातो. उत्तराला सहा आठवडे असतात. म्हणून अहवालात ‘शासनाचे उत्तर स्वीकारार्ह नाही, कारण...’ अशा अर्थाची वाक्ये दिसली की तिथे थांबा. विभागाची बाजू आणि ती का टिकली नाही, हे दोन्ही तिथे एकत्र सापडते. मी प्रत्येक अहवाल आधी याच ओळींसाठी चाळतो.

आता समितीकडे. संसदेच्या लोकलेखा समितीत 22 सदस्य असतात, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे, आणि तो मला आपल्या संसदेच्या उत्तम प्रथांपैकी एक वाटतो. विनियोजन लेखे, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा हिशेब, तपासणे, मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला ते विचारणे, ही कामे समिती खरोखर करते. मग तारे कमी का? साक्षी बंद दाराआड होतात. सचिव काय बोलले ते आपल्याला कळते अहवाल आल्यावर, आणि तोवर त्या अधिकाऱ्याची बदली होऊन गेलेली असू शकते. ब्रिटनमध्ये 1861 पासून अशी समिती आहे. तिथल्या साक्षी लोकांना पाहता येतात, आणि कोणती शिफारस मान्य केली, कधीपर्यंत अमलात आणणार, हे सरकार लेखी जाहीर करते. आपल्याकडेही कॅगच्या परिच्छेदांवर केंद्रीय मंत्रालयांनी चार महिन्यांत कार्यवाहीची टिप्पणी, म्हणजे काय कारवाई केली ते लेखी, द्यायची असते. पण एखाद्या परिच्छेदाचे पुढे काय झाले ते शोधायला वाचकाला वेगवेगळ्या वर्षांचे अहवाल उलटेपालटे करावे लागतात. परिच्छेद क्रमांक टाकला की त्याची आजची स्थिती दिसेल, एवढी सोय झाली तर मी आनंदाने दीड तारा वाढवीन.

समितीचा धाक किती कामाचा असतो हे मी नोकरीत पाहिले आहे. आमच्याकडे यायची ती जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती, सगळे तिला पीआरसी म्हणायचे. ती येणार म्हटले की वर्षानुवर्षे अडकलेल्या लेखापरीक्षण परिच्छेदांची अनुपालने, म्हणजे आक्षेपांची उत्तरे, रात्री बसून तयार होत. एकदा एका नळपाणी योजनेवर आमदारांनी गटविकास अधिकाऱ्यांना विचारले, ‘विहिरीला पाणी नाही हे मोजमाप पुस्तिका लिहिताना दिसले नाही का?’ मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवायची वही. उत्तर नव्हते. त्या योजनेचा अग्रिम, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, कितीतरी वर्षे असमायोजित, म्हणजे हिशेब न देता, पडून होता, आणि त्या एका प्रश्नानंतर वसुलीची नोटीस निघाली. गावातल्या बायका तोपर्यंत डोक्यावरून पाणी आणत होत्या. ती फाइल मी स्वतः हाताळली होती, म्हणून या समित्यांनी सवडीने काम केले की मला राग येतो.

आणखी एक दोष, मात्र तो कॅगचा किंवा समितीचा नाही. संविधानाच्या अनुच्छेद 151 नुसार अहवाल सभागृहापुढे ठेवावाच लागतो, पण किती दिवसांत ते लिहिलेले नाही. दिल्लीत 14 अहवाल रखडले होते, ते 2025 च्या फेब्रुवारीपासून विधानसभेत मांडायला सुरुवात झाली. अहवाल पटलावर आला नाही तर समितीही हातावर हात ठेवून बसते. इथे मुदत हवी, आणि ती कायद्यात हवी.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने जाडजूड वित्त लेख्यांपासून, म्हणजे सरकारच्या वर्षभराच्या जमाखर्चापासून, सुरुवात करू नये. आपल्याला माहीत असलेला विषय घ्यावा: आरोग्य केंद्रे, शाळा, पाणी. सारांश वाचावा, मग एकच परिच्छेद नीट वाचावा. आणि त्या परिच्छेदाचा क्रमांक टाकून संबंधित विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा: वसुली किती झाली, जबाबदारी कोणावर निश्चित केली, काम पूर्ण झाले का. मोघम विचारले की मोघम उत्तर येते. अहवालाचे वर्ष आणि परिच्छेद क्रमांक दिला की फाइल शोधावीच लागते. टेबलाच्या पलीकडे बसून असे अर्ज मी हाताळले आहेत, त्यामुळे हे खात्रीने सांगतो.