दूधसागर जीप सफारी, कुळे: धबधब्यापेक्षा वाट भारी

थंडीत लोक बर्फावरची स्कूटर चालवायला मनालीच्या सोलंगला जातात आणि आल्यावर आठवडाभर फोटो टाकत बसतात, जाऊदे, हौसेला मोल नाही. पण फोंड्याहून उसगाव-तिस्क, धारबांदोडा, मोले करत तासाभरात कुळ्याला पोचलं की नॅशनल पार्कातून गाडी सरळ ओढ्यात घालून नेतात, हे आपल्यातल्या कितीतरी गोवेकरांनी अजून केलेलं नाही. ते टुरिस्टांचं काम असं आपणच ठरवून टाकलंय. डिसेंबरात मुंबईची मावशी आली होती, तिच्या निमित्ताने आम्ही सगळे गेलो.

सिस्टीम सोपी आहे. कुळे स्टेशनजवळ काउंटर, एका जीपमध्ये सात जण, तुम्ही कमी असाल तर दुसऱ्या कुणाबरोबर बसवतात. लाइफ जॅकेट घ्यावंच लागतं, त्याचं भाडं वेगळं. पावसाळ्यात सफारी बंद असते, ऑक्टोबरच्या आसपास ओढ्यांचं पाणी उतरलं की सुरू होते. नाताळच्या दिवसांत जाणार असाल तर उजाडायला तिथे पोचा, नऊनंतर जी गर्दी होते ती विचारू नका. आणि हो, मोल्याच्या अलीकडे आम्हाला एकाने हात करून थांबवलं, म्हणे काउंटरवरची तिकिटं संपली, माझ्याकडून घ्या, पैसे जवळजवळ दुप्पट. पुढे जाऊन बघतो तर काउंटर आरामात चालू! असल्यांसाठी गाडी थांबवूच नका.

आता राइड. दहा-बारा किलोमीटरला पाऊण तास तरी लागतो, यावरून रस्ता काय असेल ते समजा. पहिला ओढा आला तसा ड्रायव्हरदादाने काही न बोलता फोर व्हीलचा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि गाडी पाण्यात. ब्रेक नाही, क्लच नाही, एका लयीत अॅक्सिलरेटर, कारण मध्येच थांबलो तर अडकलोच. पाणी पायाशी आत आलं, पोरांनी चपला हातात घेऊन जी बोंब ठोकली, मावशीने एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरलेली. असे ओढे वाटेत तीनदा लागतात, परत येताना पुन्हा तेच. मागच्या आडव्या सीटवर कमरेचा खुळखुळा होतो, पाठीचं दुखणं असेल त्यांनी पुढची जागा मागून घ्या. ओढे सोडले तर बाकी वाटेवर नुसती लाल धूळ, पुढच्या जीपची सगळी तुमच्या नाकात, रुमाल पाहिजेच. सकाळच्या पहिल्या जीपा गाठा म्हणतोय ते यासाठी पण.

जनावरांची आशा ठेवू नका. भगवान महावीर अभयारण्य २४० चौरस किलोमीटरचं, त्यातलं १०७ चौरस किलोमीटर नॅशनल पार्क, गवे आहेत, बिबटे आहेत, पण एवढ्या जीपांच्या आवाजात कोण बाहेर येणार? आम्हाला वर फांदीवर एक शेकरू दिसलं, लांबलचक शेपूट खाली सोडून बसलेलं, दादाने स्वतःहून गाडी थांबवून दाखवलं, त्याचे मार्क वेगळे.

जीप सोडते तिथून दगडांवरून थोडं चालायचं. धबधबा ३१० मीटर उंच, मांडवीचंच पाणी, पण पोस्टरवर दिसतो तो पावसाळ्यातला हे लक्षात ठेवा. डिसेंबरात धारा बारीक झालेल्या असतात, आमची मावशी "एवढाच?" म्हणालीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर अजून कमी. खालच्या डोहात जॅकेट घालूनच उतरू देतात, पाणी चांगलंच गार, आणि मासे पायाला गुदगुल्या करतात. माकडांपासून खाऊ सांभाळा, आमच्या शेजारच्यांची चिप्सची पिशवी डोळ्यांदेखत गेली.

मला विचाराल तर खरी मजा वरच्या पुलावरून ट्रेन जाते तेव्हा. या घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते, म्हणून मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, खालून तो आवाज आधी येतो आणि गाडी बऱ्याच वेळाने दिसते. याच लाइनच्या डबल ट्रॅकसाठी इथलं जंगल तोडायचं होतं, त्यावरून २०२० पासून मोले वाचवायची चळवळ झाली आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. पेपरात वाचताना एवढं कळत नाही, तिथे मान वर करून बघितलं की कळतं कुठलं जंगल म्हणत होते. ट्रॅकवरून चालत जायचा विचार मात्र करू नका, बंदी आहे आणि पोलीस पकडतात.

तर राइडला माझ्याकडून पाच स्टार, डिसेंबरातल्या धबधब्याला तीन. कपडे बदलायच्या जागेला किती द्यायचे ते तुम्हीच बघून ठरवा, टॉवेल मोठा न्या एवढंच सांगतो. पैसे रोख ठेवा, आत रेंजचा भरवसा नाही. आणि दुपारी मोकळे झालात तर तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ करूनच या, कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, आम्ही गेलो तेव्हा पुजारी आणि आम्ही एवढेच होतो.