मागच्या खोलीत रेंज नाही: रिपीटर, मेश की सरळ वायर?

नेटवाला राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठोकून जातो, कारण खिडकीतून आत घेतलेली फायबर तिथंच संपते. मग हॉलमध्ये सगळं झकास, आणि मागच्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉलवरचे साहेब तोंड उघडं ठेवून गोठलेले. यावर बाजारात तीन उपाय मिळतात: प्लगमध्ये खोचायचा रिपीटर, आपसात बोलून घरभर एकच वायफाय देणाऱ्या दोन-तीन डब्यांचा मेश संच, नाहीतर वायर ओढून तिच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक राउटर. माझं मत आधीच सांगून टाकतो. वायर ओढता येत असेल तर वायरच ओढा. बाकीचे दोन्ही उपाय ती ओढता येत नाही त्यांच्यासाठी आहेत.

पण पैसे काढण्याआधी दुखणं नेमकं कुठं आहे ते बघा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. तिथंच प्लॅनचा स्पीड मिळत नसेल तर दोष वायफायचा नाही, कुठलाही डबा आणून उपयोग नाही. तक्रार नेटवाल्याकडे करायची. केबलवर स्पीड पुरा, राउटरशेजारी वायफायवरही ठीक, आणि मागच्या खोलीत दहावा हिस्सा, असं असेल तर पुढचं वाचा.

राउटर साधारण दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण तिथं तोबा गर्दी. भारतात या पट्टीत १३ चॅनल (पट्टीचे कप्पे) आहेत, तरी एकमेकांत न घुसणारे जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सोसायटीत वायफायची यादी उघडून बघा, वीस शेजारी त्या तिनांत कोंबलेले दिसतील. ब्लूटूथ तिथंच, आणि मायक्रोवेव्ह चालू झाला की त्याचीही लुडबुड तिथंच. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे; २०१८ मध्ये सरकारने या पट्टीतला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग वायफायसारख्या वापराला परवानामुक्त केला. स्पीड खरा इथंच मिळतो, पण भिंती याला जास्त अडवतात. जांभ्याचं घर किंवा जुन्या वाड्याची हातभर जाडीची भिंत असेल तर दुसऱ्या खोलीतच जीव जातो. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा दोन्ही पट्ट्यांचे वैरी. तेव्हा राउटर कपाटामागून काढून उंचावर, घराच्या मध्याकडे सरकवता आला तर आधी तेवढं करा. फुकट आहे.

सहा अँटेनांचा राउटर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचं उत्तर परत पोचायला हवं, आणि फोनची ताकद आहे तेवढीच राहते. म्हणून दांडे मोजून राउटर घेऊ नये.

आता रिपीटर. किंमत हजार-दोन हजारांच्या घरात, बसवायला पाच मिनिटं. तो राउटरचं ऐकतो आणि तेच पुढे सांगतो. पण एकाच चॅनलवर एका वेळी एकच काम होतं, ऐकणं किंवा बोलणं. त्यामुळे स्पीड साधारण अर्ध्यावर येतो. दोन पट्ट्यांचा रिपीटर एका पट्टीवर ऐकून दुसरीवर बोलू शकतो, तिथं नुकसान कमी. हमखास होणारी चूक म्हणजे रेंज नाही त्याच खोलीत तो खोचणं. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? त्याची जागा वाटेत, जिथं फोनला ५ गिगाहर्ट्झ अजून बऱ्यापैकी मिळतो तिथं. भाड्याचं घर, एकच अडलेली खोली, दारावरचा एखादा कॅमेरा, एवढ्यापुरता रिपीटर ठीक. रोज घरून काम करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

मेशमध्ये घरभर एकच नाव, एकच पासवर्ड, एका ॲपवर सगळा कारभार. चालता चालता फोन जवळच्या डब्याकडे जातो. अर्थात कधी जायचं हे शेवटी फोनच ठरवतो, मेश फक्त सुचवतो. साधा संचसुद्धा बहुधा पाच हजारांच्या पुढे जातो. घेताना दोन गोष्टी विचारा. एक, डब्यांचं आपसातलं बोलणं कोणत्या पट्टीवर चालतं? दोन पट्ट्यांच्या स्वस्त संचात तुमचा फोन आणि डबे बहुधा एकच ५ गिगाहर्ट्झ वाटून घेतात, म्हणजे रिपीटरचं दुखणं थोड्या सभ्य रूपात. तीन पट्ट्यांच्या संचात त्यासाठी वेगळी पट्टी ठेवता येते. दोन, मागचे लॅन पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत का? १०० एमबीपीएसचे असतील तर ३०० चा प्लॅन तिथंच अडकेल. आणि नेटवाल्याचा राउटर तसाच ठेवणार असाल तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका (म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त वायफाय देतो), नाहीतर एकामागे एक दोन राउटर बसून गेमिंग आणि कॅमेऱ्यांची कटकट सुरू होते.

वायरीची गोष्ट निराळी. कॅट ६ वायर (लॅन केबलचाच एक प्रकार) १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात नेते, मधल्या भिंतींशी तिला देणंघेणं नाही. शुद्ध तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही सर्रास विकली जाते. केसिंग-पट्टीतून न्या, पण लाइटच्या वायरींसोबत एकाच पाइपात नको. दुसऱ्या टोकाला घरात पडलेला जुना राउटरही चालतो. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर काम झालंच. नसेल तर त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरहून वेगळा करा (तो १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि वायर वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. नाव-पासवर्ड तेच, चॅनल मात्र वेगळा.

दुमजली बंगल्यात मला तर पर्यायच दिसत नाही: मधला स्लॅब सिमेंट आणि सळयांचा, तेव्हा दर मजल्याला एक वायर. टू बीएचके फ्लॅटमध्ये नुकतंच इंटिरियर झालंय आणि भिंतीला हात लावू देत नाहीत, तर मेशचे दोन डबे पुरेत. तीनचा संच गळ्यात मारून घेऊ नका. पुढे कधी रंगकाम निघालं तर त्याच दोन डब्यांमध्ये वायर टाकून घ्या, बहुतेक मेश संच ती चालवून घेतात. आणि लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर मुख्य राउटरइतकंच दुसऱ्या डब्यालाही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर मागची खोली पुन्हा होती तशीच.