शांतता समिती की सामाईक कामाचा गट?

मिश्र वस्तीत तणाव वाढला की पहिली मागणी शांतता समितीची होते. ती आठवड्याभरात उभी राहते: दोन्ही समाजांचे सहा-सहा जण, त्यांत बायका आणि तरुण हवेतच. पलीकडच्या एकेकाशी जोडी लावायची. अफवा आली की ती पुढे पाठवण्याआधी जोडीदाराला फोन करायचा, दोघांनी जागेवर जाऊन पाहायचं आणि दोन्हीकडे एकच निरोप द्यायचा. चुकतं ते निवडीत. फक्त पुढारी घेतले, तर चहापाणी होतं आणि गल्लीतली पोरं त्यांना मोजत नाहीत. शिवाय समिती पोलिसांची खबरी आहे असा समज झाला, की संपलीच!

सामाईक कामाचा गट, म्हणजे दोन्ही समाजांनी मिळून वस्तीची कामं सांभाळणारा गट, हळू चालतो, पण रोजच्या भांडणाच्या मुळाशी जातो: नळाच्या पाळ्या, शौचालय, कचरा. संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी मांडल्या: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा. बहुधा पहिलीच मोडते. एका समाजाकडे शौचालयाची किल्ली आणि हिशेब, दुसऱ्याकडे झाडू! म्हणून किल्ली दर महिन्याला फिरवा, सचिव आणि खजिनदार वेगवेगळ्या समाजांचे ठेवा, जमाखर्च फळ्यावर लिहा. पाणीच अपुरं असेल, तर पाळ्यांचा तक्ता भांडण वाढवतो. आधी पुरवठ्यासाठी एकत्र अर्ज करा.

दंगलीची चिन्हं असतील तर समितीच. एरवी गटापासून सुरुवात करा आणि समितीचे सभासद त्यातूनच निवडा.