बारावीनंतर नौदल : खडकवासला, एळिमला की चिल्का?

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत ‘सूरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी ताफ्यात दाखल झाली. तिन्ही माझगाव डॉकच्या बांधणीच्या. २०३५ पर्यंत १७५ जहाजांचा ताफा उभा करायचं नौदलाचं उद्दिष्ट आहे. जहाज बांधायला वर्षं लागतात, तशी ते चालवणारी माणसं तयार व्हायलाही लागतात. आज बारावीत असलेला मुलगा किंवा मुलगी अधिकारी व्हायला निघाली, तर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, एकट्याने वॉच (पहाऱ्याची पाळी) सांभाळेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात. नौसैनिक मात्र वर्षभराच्या आसपास जहाजावर पोचतो. म्हणून वाट निवडताना ‘कुठे लवकर लागेल’ यापेक्षा ‘पाचव्या वर्षी मी कुठे असेन’ हे आधी विचारा.

आधी अधिकाऱ्यांच्या दोन वाटा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

खडकवासल्याच्या एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवंच. पण टक्केवारीची अट नाही, बारावी पास पुरे. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न. सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा, १५० प्रश्न. दोन्हींना अडीच-अडीच तास. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात. पुढची एसएसबी (सेवा निवड मंडळाची) मुलाखत ९०० गुणांची, म्हणजे लेखीएवढीच मोठी.

केरळमधल्या एळिमला इथल्या भारतीय नौदल अकादमीची १०+२ बी.टेक. एंट्री वेगळी. तिला लेखी परीक्षाच नाही. जेईई मेनच्या अखिल भारतीय क्रमांकावरून थेट एसएसबीचं बोलावणं येतं. पण बारावीला या तीन विषयांत मिळून ७० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. वयाची मर्यादा इथेही साधारण तीच.

आता चुका कुठे होतात ते सांगतो. जेईईला चांगला क्रमांक आला की नौदल आपोआप बोलावतं, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. नौदलाच्या भरती संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत थोडीच असते. दुसरी चूक बोर्डाची. जेईईच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष होतं, प्रॅक्टिकलच्या वह्या अर्धवट राहतात आणि ६८ टक्क्यांवर गाडी अडते. मग क्रमांक कितीही चांगला असो, उपयोग नाही. तिसरी चूक एनडीएच्या फॉर्ममधली. पसंतीक्रमात नौदल खाली टाकलं की गुणवत्ता यादीत नाव असूनही भूदल मिळू शकतं. त्याच फॉर्ममध्ये एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीचा पर्यायही असतो, तो घाईत सुटतो. लेखी निकालानंतर दोन आठवड्यांत एसएसबीसाठी ऑनलाइन नोंदणी करायची असते, तीही विसरली जाते.

प्रशिक्षणात काय फरक? एनडीएत तीन वर्षं भूदल आणि हवाई दलाच्या कॅडेट्सबरोबर जातात, मग चौथं वर्ष एळिमलाला. एळिमलाची बी.टेक. वाट चारही वर्षं समुद्रकाठी, सगळे नौदलाचेच. पदवी दोन्हीकडे जेएनयूची. दोन्ही ठिकाणी अभ्यास, पोहणं किंवा शारीरिक चाचणी यांत मागे पडलं की ‘रेलिगेट’ होऊन एक टर्म मागे जावं लागतं. पोहता न येणाऱ्यांनी अकादमीत शिकवतील या भरवशावर जाऊ नये. तिथे शिकवतात हे खरं, पण बाकीचं सगळं तेव्हाच चालू असतं. गावच्या विहिरीत किंवा नदीत नीट शिकलेला मुलगा इथे सहा महिने पुढे असतो. शिवाय प्रशिक्षण मोफत असलं तरी मधेच स्वतःहून सोडलं तर खर्च परत करण्याच्या बॉण्डवर पालकांची सही असते. सही करण्याआधी तो कागद घरी वाचा.

माझं मत स्पष्ट आहे. जेईईची तयारी करतच असाल तर दोन्ही अर्ज भरा, अभ्यासक्रम बराचसा तोच आहे. बोर्डात ७० टक्के जड वाटत असतील तर एनडीए हीच खरी वाट. महाराष्ट्रात त्यासाठी छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट मुलांसाठी आहे आणि मुलींसाठी नाशिकला.

एसएसबी पाच दिवसांची. शब्दचाचणीत ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद; प्रसंगचाचणीत ६० प्रसंग ३० मिनिटांत. क्लासमधून पाठ केलेली वाक्यं इथे उघडी पडतात, कारण लिहिलेलं आणि मुलाखतीत बोललेलं जुळत नाही.

तिसरी वाट अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी नौसैनिक, ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठच्या ‘आयएनएस चिल्का’वरून सुरू होणारी. इथेही दोन दारं आहेत, आणि त्यांतला फरक कित्येक घरांना माहीत नसतो. एसएसआरसाठी (सीनियर सेकंडरी रिक्रूट) बारावीला गणित-फिजिक्स लागतं. पुढे इंजिन, इलेक्ट्रिकल, तोफखाना, दळणवळण असे ट्रेड मिळतात. एमआर (मॅट्रिक रिक्रूट) दहावीवर आहे, आणि त्यातली कामं स्वयंपाकी, स्टुअर्ड आणि स्वच्छता अशी. ही कामं कमी दर्जाची नाहीत. समुद्रात महिनाभर जहाज असलं की गॅलीवरच (जहाजाच्या स्वयंपाकघरावरच) सगळ्यांचा दम टिकतो. पण हातात मशीन घ्यायची इच्छा असेल तर बारावी सायन्स पूर्ण करून एसएसआरलाच जा.

धावण्याची अट मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींना आठ मिनिटांत.

पैशाचा हिशेब नीट मांडा. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के शेवटी एकरकमी मिळणाऱ्या सेवा निधीत; हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. शेवटी तुमचे ५.०२ लाख आणि सरकारचे तेवढेच, मिळून १०.०४ लाख व वर व्याज, करमुक्त. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. अकादमीतून बाहेर पडणाऱ्या सब लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० आहे.

चिल्कानंतरचं प्रशिक्षण ट्रेडप्रमाणे. इंजिनवाल्यांना लोणावळ्याची ‘आयएनएस शिवाजी’, इलेक्ट्रिकलला जामनगरची ‘वालसुरा’. जहाजाला भोक पडलं तर काय करायचं, हेही लोणावळ्यातच शिकवतात. कलणाऱ्या लोखंडी कप्प्यात भोकांतून पाण्याचे झोत सुटतात, पाणी कमरेला लागतं आणि त्यात उभं राहून लाकडी बुचं व पाचरी ठोकत गळती बंद करायची. पाचर तिरकी बसली की पाणी तिला उडवून लावतं. अधिकारी आणि नौसैनिक, दोघांनाही ही कसोटी द्यावी लागते.

चार वर्षांनी बाहेर पडावं लागलंच, तर इंजिन किंवा इलेक्ट्रिकलचा ट्रेड सगळ्यात कामाला येतो. मर्चंट नेव्हीत जाण्यासाठी जहाजवाहतूक महासंचालनालयाने अग्निवीरांना २०२२ मध्येच वाटा आखून दिल्या. त्यासाठी समुद्रातल्या सेवेची नोंद आणि कोर्सची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

कोणतीही वाट घ्या, वैद्यकीय तपासणी आजच करून घ्या. सपाट तळपाय, गुडघ्याला गुडघा लागणं, वाकडं नाकाचं हाड, कानातला मळ, मूळव्याध, रंग ओळखण्यातली चूक, यांवर दरवर्षी मुलं थांबतात. यातलं काही वेळेत उपचाराने सुटतं, रंगांचं सुटत नाही. चष्मा घालवायला घाईने डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया मात्र करू नका. विशीआधी केलेली शस्त्रक्रिया ग्राह्य धरत नाहीत आणि तिथेच नाव बाद होतं.