पीडीएफमधला काकाजींच्या नातवाचा फोटो आणि माझे चोवीसशे रुपये

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. लायसन्स जूनपर्यंत चालू आहे आणि मला अजून त्याच लोकांना फोन करावा लागतो. पीडीएफ उघडायची, पानं मागंपुढं करायची, फोटो-सही टाकायची, असं जे वर्षाला २,४०० रुपयांत मिळतं, त्यातलंच एक. फीचरची यादी कंपनी सांगतेच, ती परत उतरवत नाही. २,४०० म्हणजे आमच्या दुकानात दोन रुपयेवाल्या १,२०० झेरॉक्स, तेही कागद आणि टोनर फुकट धरले तर. पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचा.

दुकान यवतमाळ जिल्ह्यात, गावच्या एसटी थांब्यासमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, ऑनलाईन फॉर्म. जून-जुलै आमचा सीझन. इकडं सोयाबीन-पऱ्हाटीची पेरणी, तिकडं पोट्ट्यांच्या ॲडमिशन, त्यातच पीकविमा, आणि या सगळ्यावर लाईन जाणार. फुकटच्या वेबसाईटवर फॉर्म चढवून फोटो टाकायचो, पण लोकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले कुठल्या सर्व्हरवर जातात कोण जाणे. शिवाय इंटरनेट गेलं की काम ठप्प. म्हणून जूनमध्ये हे विकत घेतलं. पहिला महिना छान गेला. मी दोघा-तिघांना घ्याही म्हणालो. त्यांची आधी माफी मागतो.

जुलैत शेजारच्या काकाजींच्या नातवाचा होस्टेलचा फॉर्म भरला. वर उजवीकडं फोटोची चौकट, खाली सही. पोट्ट्याला पांढऱ्या पडद्यासमोर उभा केला, मोबाईलवर फोटो काढला, फॉर्ममध्ये टाकला, चौकटीत बरोबर बसवला. काकाजींनी स्क्रीनला नाक लावून पाहिला आणि "चांगला आला" म्हणाले. फाईल मेल केली, पेन ड्राईव्हमध्येही दिली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तालुक्याहून फोन.

"काहून रे बाप्पा, फोटो तं लावलाच नाही तुनं? चौकट रिकामी हाय म्हणते साहेब."

"तुमच्या डोळ्यांसमोर लावला ना जी काकाजी!"

"मले दिसला. साहेबाले नाही दिसत ना."

काकाजी ७१ वर्षांचे, एसटीत अर्धं तिकीट. तरी दोन हेलपाटे आणि पेरणीचा एक दिवस गेला. मी फाईल परत उघडली तर फोटो जागेवर. माझ्या मोबाईलवर उघडली तर चौकट कोरी. प्रिंट काढली तर तीही कोरी. घामच फुटला, कारण त्या आठवड्यात असे अकरा फॉर्म माझ्या हातून गेले होते.

आधी वाटलं फोटोतच खोट आहे. पीएनजीचा जेपीजी केला. फोटो लहान केला. फोटोच्या फाईलचं नाव मराठीत होतं ते इंग्रजी केलं. काही उपयोग नाही. कस्टमर केअरला तक्रार टाकली तर दोन दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं, सॉफ्टवेअर काढून परत टाका. सेटअपची फाईल ४०० एमबीच्या वर. आमच्याकडं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दुकान चालतं, दिवसाचा दीड जीबी. त्यातला पाव हिस्सा यात घातला. चौकट कोरीच. दुसरं उत्तर आलं, कॉम्प्युटर अपडेट करा. तिसरं उत्तर वाचून तर मी खुर्चीतून उठलोच. प्रॉडक्टची रचनाच अशी आहे म्हणे. रिफंड मागितला तर मुदत पंधरा दिवसांची होती, ती संपली.

मग रात्री बसून स्वतःच शोधलं. पीडीएफमध्ये फोटो दोन प्रकारे राहतो. एक, पानाच्या मजकुरातच मुरतो, म्हणजे डिंकानं चिकटवल्यासारखा. दुसरा, पानावर वरून टाचणीनं लावल्यासारखा. पीडीएफच्या भाषेत त्याला ॲनोटेशन म्हणतात. आपण पिवळा हायलाईट करतो, कमेंट लिहितो, स्टॅम्प मारतो, ते सगळं याच घरातलं. आता टाचणीवाला फोटो दाखवायचा की नाही, हे फाईल उघडणाऱ्या ॲपवर. काही मोबाईल ॲप दाखवतच नाहीत. छपाईचं तर वेगळंच. प्रत्येक टाचणीला 'छापताना मला घे' अशी एक खूण असते, ती लावलेली नसली तर स्क्रीनवर दिसतो आणि कागदावर येत नाही. ॲडोब रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'कमेंट्स अँड फॉर्म्स' म्हणून रकाना आहे. तिथं नुसतं 'डॉक्युमेंट' निवडलेलं असलं तर खूण असूनही स्टॅम्प गळतो, 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' केलं तर येतो. तालुक्याच्या साहेबांची काही चूक नव्हती. त्यांच्याकडं खरंच कोरी चौकट होती.

ओळखायचं सोपं आहे. फाईल दुसऱ्याच एखाद्या ॲपमध्ये उघडून फोटोवर क्लिक करा. भोवती चौकट येऊन तो माऊसनं सरकला, किंवा बाजूच्या कमेंटच्या यादीत त्याची नोंद दिसली, तर टाचणी. मी अकराही फॉर्म उघडून पाहिले. अकराही टाचण्या.

तात्पुरता उपाय म्हणून विंडोजमधलं 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' वापरलं. आधी टाचणीला छपाईची ती खूण लावायची, फोटो स्क्रीनवर दिसतोय तसाच प्रिव्ह्यूत आला की प्रिंट मारायची, नवी फाईल बनते, तिच्यात फोटो मुरलेला. मात्र भरायचे रकाने त्यात कायमचे सपाट होतात. नावात एक वेलांटी चुकली की पहिल्यापासून. म्हणून मूळ फाईल जपून ठेवायची. फुकटचं लिब्रे ऑफिस ड्रॉही करून पाहिलं. फोटो झकास मुरतो, पण त्या फॉर्मचा मराठी मजकूर त्यानं तुकड्या-तुकड्यांनी उचलला आणि फॉन्ट बदलून जोडाक्षरं अशी फोडली की 'विद्यार्थी' वाचता येईना. इंग्रजी फॉर्मला चालेल.

इथवर सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं, खाली एक स्टार देऊन. टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं.

कारण पोळ्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी कंपनीकडून फोन आला. मी नेहमीप्रमाणं हिंदीत सुरू केलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "दादा, वरच्या पट्टीत एकदम उजवीकडं दोन छोटे बाण दिसतात काय?" त्या 'दिसतात काय'वरूनच समजलं, आपल्याकडचीच. बाण दिसत होते. ते दाबले तर खाली आणखी बटणं उघडली, त्यात 'एडिट' आणि त्याच्या आत 'ॲड इमेज'. म्हणजे डिंकवालं बटण पहिल्या दिवसापासून माझ्याकडं होतं! माझा लॅपटॉप १३६६ बाय ७६८चा, पट्टी मावत नाही, म्हणून ते आत दडून बसलं. आणि मी ज्या चित्राच्या बटणावर तीन महिने फोटो टाकत होतो ते 'कमेंट'च्या घरातलं, स्टॅम्पचं. जुन्या अकरा फाईलींसाठीही तिनं सांगितलं. उजवं क्लिक, 'फ्लॅटन', आणि टाचणीचा डिंक होतो. वीस मिनिटं बोलली. तिसऱ्या उत्तरात 'रचनाच अशी आहे' लिहिणाऱ्यानं ही एक ओळ लिहिली असती तर?

निम्मी चूक माझी, मान्य. पण निम्मी त्यांचीच, आणि ती मी सोडणार नाही. फोटो टाकायचा म्हटल्यावर माणूस डोंगर-सूर्याचं चित्र असलेलं पहिलं बटण दाबणार. तेच स्टॅम्पचं ठेवायचं, वर छपाईची खूण बंद ठेवायची, आणि सेव्ह करताना एका अक्षरानं सांगायचं नाही. ओसरीत दार ठेवून घरात भिंत बांधल्यासारखं झालं.

बाकीच्या अडचणींना मी या सॉफ्टवेअरला दोष देत नाही, त्या कुठंही येतील. आयफोनवाला पाहुणा फोटो पाठवतो आणि तो उघडतच नाही. तो हेइक नावाच्या प्रकारातला असतो, २०१७ पासून आयफोन तसेच काढतो. त्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करायला सांगा. फोटो मोबाईलवर सरळ आणि फॉर्ममध्ये आडवा पडतो, कारण मोबाईल फोटो फिरवत नाही, 'फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी आत ठेवतो आणि सगळी सॉफ्टवेअरं ती चिठ्ठी वाचत नाहीत. पेंटमध्ये उघडून फिरवा, सेव्ह करा, मग टाका. तरी आडवाच आला तर फोटो सोडा, पान तपासा. स्कॅन केलेलं पान बहुधा आडवंच असतं, नुसतं उभं दाखवलेलं असतं.

सहीचं मात्र रडणं वेगळं. मागचा कागद उडवून पारदर्शक सही केली, टाकली, तर काळा ठोकळा. पीएनजीमध्ये पारदर्शकपणा राहतो, जेपीजीत राहतच नाही. लोक ती सही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतात, तिथं तिचा जेपीजी होतो आणि सही काळ्यात बुडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. खरं तर पांढऱ्या कागदावर काळ्या पेननं सही आणि तिचाच साधा जेपीजी, यात काही बिघडत नाही.

आणि कृपा करून १५ रुपये भरून काढलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर फोटो टाकू नका. एका भाऊंनी हट्टानं टाकून घेतला. सही झाल्यावर फाईलला हात लागला की तपासणीत ती सही धड उतरत नाही. परत १५ रुपये. माझ्याच खिशातून.

आता ज्यानं माझं मत खरोखर फिरवलं ते सांगतो. महाडीबीटीला, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलला, कागद २५६ केबीच्या आत लागतो. माझा एक फॉर्म १८० केबीचा. फोटो टाकला, ३.४ एमबी. फोटो माऊसनं कोपरा धरून लहान केला, ३.४ एमबीच. माऊसनं लहान केला म्हणजे लहान दिसतो एवढंच. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा, ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो जसाच्या तसा आत बसलेला असतो. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, त्याला ४१३ बाय ५३१ ठिपके पुरे. म्हणून चिडून फोटो काढूनच टाकला आणि सेव्ह केलं. तरी ३.४ एमबी! फोटो नाही आणि वजन आहे. भाडेकरू गेला, सामान खोलीतच.

होतं असं, की साध्या सेव्हमध्ये जुनी फाईल जशीच्या तशी राहते आणि बदल तिच्या शेपटीला जोडले जातात. पीडीएफची ती मूळची सोय आहे, त्यानं सेव्ह पटकन होतं. काढलेला फोटो पानावरून जातो, फाईलमधून नाही. 'सेव्ह ॲज' केलं की हे सॉफ्टवेअर फाईल पहिल्यापासून नव्यानं लिहितं आणि लावारिस सामान बाहेर टाकतं. केलं, १८३ केबी. आधी ४१३ बाय ५३१ करून घेतलेला फोटो ४२ केबीचा होता, तो 'ॲड इमेज'नं टाकला, परत 'सेव्ह ॲज', २२६ केबी. पोर्टलनं मुकाट घेतला. तोवर मी अशा फाईली फुकटच्या वेबसाईटवर दाबून आणायचो, त्यात अक्षरं पुसट व्हायची आणि दाखल्यावरचा शिक्का वाचता न आल्यानं फॉर्म परत यायचे. ऑक्टोबरपासून या कारणानं माझा एकही फॉर्म परत आला नाही.

तेव्हा तीन स्टार. त्या मुलीच्या फोनचा एक जास्तीचा द्यायचा होता, पण तो कंपनीच्या नावावर जमा होईल म्हणून ठेवून घेतला. जानेवारीत अपडेट आलं, ३८० एमबी. बटणं जागच्या जागी. बाणांचा रंग तेवढा बदलला.

नूतनीकरणाचे मेसेज आतापासूनच सुरू झालेत, आत्ताच भरले तर १,९९९. मी थांबलोय, मे महिन्यात आणखी खाली येतील असं वाटतं. काकाजींची मात्र खात्री पटलेली नाही. परवा नातवाच्या स्कॉलरशिपला आले, फाईल माझ्या स्क्रीनवर पाहिली, स्वतःच्या मोबाईलवर उघडून घेतली, मग थांब्यावरच्या कंडक्टरच्या मोबाईलवरही. आणि निघताना खताच्या पिशवीतून दोन पासपोर्ट फोटो अन् डिंकाची बाटली काढून दाखवली.

"असू दे जवळ," म्हणाले.